तेंदूच्या भावाची रेघ

माझी नात नागपुरात अर्थशास्त्र शिकते. सुट्टीत आली की माझ्याच पलंगावर लॅपटॉप उघडून बसते आणि वर-खाली जाणाऱ्या रंगीत रेघा मला दाखवते. "आजी, यावरून पुढच्या वर्षी काय होईल त्याचा अंदाज काढतात." मी चष्मा पुसते, वाकून बघते आणि चष्मा परत काढून ठेवते. तिला वाटतं, आजीला हे कळत नाही. आजीला नेमकं तेवढंच कळतं.

एकदा तिने विचारलं, "तू तेंदूच्या भावाचा अंदाज काढला होतास ना? किती वर्षांच्या आकड्यांवरून?"

"तीन."

"तीन?" ती लोळून हसली. "आजी, तीन ठिपक्यांवर कोणी रेघ ओढतं का?"

"दोनांवर नाही ओढली, हे गावाचं नशीब समज."

आता हसायला येतं. त्या उन्हाळ्यात गावात कोणी हसत नव्हतं, आणि मी तर महिनाभर हातपंपावर जायलासुद्धा घाबरत होते.

मी तेव्हा अगदीच कोवळी होते. अठ्ठावन्न वर्षांची. नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. सारी उमर पोरांना "गप्प बसा" म्हणण्यात गेली आणि आता गप्प बसवायला हाताशी कोणी उरलं नव्हतं. अशी निवृत्त मास्तरीन गावाला साथीच्या तापापेक्षा वाईट. मी बी.ए. बाहेरून केलं होतं, अर्थशास्त्र घेऊन. मागणीची रेघ आणि पुरवठ्याची रेघ जिथे एकमेकींना कापतात तिथे भाव ठरतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत होतं. त्या दोघी खरोखर कुठे भेटतात हे बघायला मात्र मी कधी बाजारात गेले नव्हते. भाजीसुद्धा आमचे हे आणायचे.

आमचं गाव गडचिरोलीच्या जंगलात. निम्मी घरं गोंडांची, निम्मी आमच्यासारखी धान लावणाऱ्यांची. धान वर्षभर पुरत नाही, आणि पुरलं तरी धान देऊन पोराला चप्पल मिळत नाही. रोख पैसा दोनच वाटांनी यायचा. संक्रांत झाली की बायका तेलंगणात मिरची तोडायला जायच्या. शेताच्या बांधावर पाल ठोकून राहायच्या आणि हातांची आग घेऊन पाडव्याच्या सुमारास परत यायच्या. दुसरी वाट तेंदूची. बिडीचा पत्ता, म्हणजे पान. फेब्रुवारीकडे तेंदूची झुडपं जमिनीलगत छाटायची, त्याला खुटकटाई म्हणतात. मग उन्हाळ्यात त्या खुटांना लालसर कोवळी पानं फुटतात, ती हिरवी होतात, आणि मे महिन्यात फार तर पंधरा दिवस ती तोडण्याजोगी असतात. पहाटे जंगलात जायचं, दुपारी सगळ्या घराने बसून पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, रांगेने वाळायला मांडायचे. पंधरा दिवस गेले की पान जाड होतं, त्याच्यावर डाग पडतात, मग ते बिडीलाही चालत नाही आणि बकरीही तोंड लावत नाही.

हे एवढं सांगितलं, कारण सगळी गोष्ट यातच आहे. पान थांबू शकत नाही. घेणारा थांबू शकतो. माझ्या बी.ए.त हे नव्हतं. असेलही, त्या दिवशी माझ्या पोटात दुखत असेल.

पूर्वी पत्ता सरकार विकायचं. मग तो विकायचा हक्क आमच्या ग्रामसभेला मिळाला. पहिल्या वर्षी भाव बरा आला, दुसऱ्या वर्षी त्याहून चांगला, तिसऱ्या वर्षी आणखी चांगला. मी शाळेतून आणलेल्या कार्डशीटवर तीन ठिपके काढले, त्यांना फूटपट्टी लावली आणि रेघ पुढे ओढली, कागद संपेपर्यंत. कागद मोठा असता तर भाव आणखी वाढला असता.

लिलावाच्या दिवशी एका ठेकेदाराचा मुन्शी आला. गोड माणूस, गळ्यात रुमाल, प्रत्येक वाक्याला "बाई" आणि "भाऊ". त्याने मागच्या वर्षीपेक्षा थोडा जास्त भाव सांगितला. लोक खूश झाले. कोणी तरी चहा ठेवायलाही गेलं. आणि मी उभी राहिले. कार्डशीट दोन पोरींच्या हातात धरायला दिली, शाळेतली काठी घेतली आणि गावाला रेघ समजावून सांगितली. आपला पत्ता यंदा इथे जाणार, काठीने मी वरचा कोपरा दाखवला, आणि हा माणूस तुम्हाला इथे, खाली, पटवायला बघतोय.

मुन्शीने मोबाइल काढून माझ्या रेघेचा फोटो काढला. मला वाटलं, काय पण प्रभाव पडला! मी पदर नीट केला.

गावदेवाची पूजा करणारा म्हातारा भूमिया पुढेच बसला होता. सगळे त्याला बाबा म्हणत. त्याने बराच वेळ कागद पाहिला.

"बाई, रेघ वर जाते ते दिसलं जी. नाई गेली, त मंग काय करायचं? ते कुठी लिवलं?"

"असं होणार नाही, बाबा."

"होनार नाई ते समजलं. झालं त काय करायचं?"

लोक हसले. मीही हसले, मोठ्या मनाने, वर्गातल्या मंद पोराकडे बघून हसतात तशी. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

माझी थोरली जाऊ मागून बोलली. ती विधवा. तिचं घर आमच्या घराला लागूनच, मध्ये फक्त कुडाची भिंत. सगळ्या गावच्या बायकांना पत्त्यासाठी जंगलात घेऊन जाणारी तीच. "मास्तरीन, मिरचीची जीप परवा येऊन राह्यली. जायचं का नाई जायचं, तेवढं सांग."

"कशाला हात जाळता, जाऊबाई? यंदा पत्ताच पुरून उरेल. खुटकटाई नीट करा, घरीच राहा."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती शाळेत गेली नव्हती. मी तिची धाकटी जाऊ, पण शिकलेली. तिने मान हलवली आणि मिरचीची जीप आमच्या गावातून रिकामी गेली.

माझ्या पेन्शनचा मला तेव्हा विचारसुद्धा आला नाही. रेघ वर गेली काय, खाली गेली काय, माझे पैसे महिन्याच्या महिन्याला येणारच होते. अंदाज माझा होता आणि तो चुकला तर उपाशी राहायचं होतं दुसऱ्यांनी. माझी छाती एवढी फुगली होती त्याचं कारण हेच असावं. तिच्यावर कसलंच वजन नव्हतं.

मुन्शीला आम्ही परत पाठवलं. पण मला एवढ्याने समाधान कुठलं! मी यांच्या मोटरसायकलवर मागे बसून, कार्डशीटची गुंडाळी काखेत धरून, आजूबाजूच्या पाच गावांत फिरले. तिथेही काठीने कोपरा दाखवला. हे म्हणायचे, "देवाची पालखी निघाल्यासारखी निघून राह्यली तू." मी म्हणायची, "लोकांना जागं करायला नको का?"

दुसऱ्या लिलावाला कोणी आलं नाही.

सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. चहाचं पातेलं तीनदा गरम केलं. दुपारी रस्त्यावर जीपचा आवाज आला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. ती लग्नाची जीप होती, नवरदेव हात हलवत गेला. संध्याकाळी लोक एकेक करून उठले. जाताना प्रत्येकाने चप्पल जरा जास्तच वेळ शोधली.

तिसऱ्या लिलावालाही कोणी आलं नाही.

आठवडी बाजारात मला शेजारच्या गावची एक ओळखीची बाई भेटली. मी म्हटलं, "तुमचा पत्ता कितीला गेला?"

"कुठी गेला, बाई? तुमची रेघ पाह्यली ना. आमी बी नाई म्हनलं मुन्शीले." तिने हातातले कांदे खाली ठेवले. "तो आता येते का नाई जी?"

तिथे, कांद्यांच्या ढिगापाशी, मला पहिल्यांदा भीती वाटली. पाच गावं. प्रत्येकाने वाट बघायची ठरवलं होतं, कारण मी सांगितलं होतं. भाव वाढणार म्हणून प्रत्येकाने खुटकटाईही जास्त केली होती. म्हणजे जंगलभर पान येणार, ते विकत घ्यायला कोणी नाही, आणि हे सगळं माझ्या फूटपट्टीने घडवलेलं. मी भाकीत करायला निघाले होते आणि त्या भाकितावर विश्वास बसला म्हणूनच ते मोडलं होतं. कोणी विश्वास ठेवला नसता तर कदाचित खरंही झालं असतं.

घरी येऊन मी कार्डशीट धानाच्या कोठीमागे लपवली. जणू गावाने ती पाहिलीच नव्हती.

एप्रिल लागला. मोहाची फुलं पडली, बायकांनी वेचली. खुटांना लाल पालवी फुटली. एरवी त्या रंगाने डोळ्यांना थंड वाटतं. त्या वर्षी पान दिवसागणिक मोठं होताना बघणं म्हणजे कोणाचा तरी ताप चढताना बघणं होतं. मी हातपंपावर भर दुपारी जायला लागले, कारण तेव्हा तिथे कोणी नसायचं. मोटारीचा आवाज आला की मी दाराशी धावायची. गाडी पुढे निघून गेली की मी पुन्हा तांदूळ निवडायला लागायची आणि खड्यांऐवजी तांदूळच फेकायची.

जाऊबाई मला त्यावरून एक शब्द बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी तेवढी हलकी झाले असते. पण कुडाच्या भिंतीतून मला तिचं सगळं ऐकू यायचं. पूर्वी ती फोडणी द्यायची तेव्हा चर्र आवाज यायचा. मग तो यायचा थांबला. तेलाची बाटली रिकामी झाली होती हे मला भिंतीपलीकडून समजलं. मी एक वाटी तेल घेऊन गेले.

"ठेव तथी," ती म्हणाली. एवढंच. दुसऱ्या दिवशी वाटी घासून परत आली, आत मूठभर मोहफुलं घालून. तेल फुकट घेणार नव्हती ती.

त्यात वाघ आला. आमच्याकडे वाघ येतो-जातो, पण या वेळी त्याने तेंदूच्याच भागात एक गाय मारली. वनखात्याचा गार्ड येऊन सांगून गेला की वाघ आता नदीपलीकडे गेला असावा असा अंदाज आहे.

जाऊबाईने विचारलं, "वाघाले सांगतलं का त्यानं?"

मेच्या तोंडावर मुन्शी परत आला. आधी फोन नाही, निरोप नाही, भर सकाळी रुमालाने घाम पुसत सभागृहाच्या पायरीवर बसला. लोक जमले. त्याने भाव सांगितला. फेब्रुवारीत सांगितला होता त्याच्या जेमतेम निम्मा.

"काऊन गा, भाऊ?" कोणी तरी विचारलं. "तवा त जास्त देऊन राह्यला होता."

"तवा पत्ता कमी होता, भाऊ. आता पाची गावाचा तसाच पडून हाये." त्याने माझ्याकडे पाहिलं. गोडच पाहिलं. "बाईची रेघ आमच्या सेठले पाठवली होती मी. सेठ म्हने, हे सारे गावं आता थांबून राह्यतीन, आपुन पहिले दुसरीकडचा घेऊन घेऊ. बाईच्या अंदाजानं आमचं काम सोपं झालं."

मी भिंतीला टेकले. समोरचे सगळे माझ्याकडे बघत होते आणि कोणाच्याही डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. ती बघवली नाही.

मुन्शी म्हणाला, चार दिवसांनी येतो, विचार करून ठेवा. त्याला घाई नव्हती. पानाला होती, आणि हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "बाई, आता रेघ काय म्हनते?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाबा." साऱ्या जन्मात मी हे वाक्य सभेत उभं राहून पहिल्यांदा बोलले.

जाऊबाई उठली. "मले आधी पान पाहू द्या. किती दिवस हायेत ते समजल्याबिगर का बोलता? मास्तरीन, चाल माह्यासंगं."

"मी?"

"हो. कागदावर पाह्यलं, आता झाडावर पाह्य."

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर आम्ही निघालो. ती पुढे, मी मागे, मग आणखी चार बायका. जंगलात शिरून मला कितीतरी वर्षं झाली होती. मी शाळेच्या सहलीला पोरांना मंदिर दाखवायला नेणारी. पाचोळा एवढा वाजत होता की प्रत्येक पावलाला मी स्वतःलाच दचकत होते. जाऊबाई एका झुडपापाशी थांबली. पान तोडलं, बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, कानाशी धरून चोळलं. मग दुसरं झुडूप, तिसरं, उताराच्या खालचं, वरचं. उन्हातलं वेगळं, सावलीतलं वेगळं. मी तीन ठिपके घेतले होते. तिने त्या सकाळी पन्नासेक झुडपं तरी पाहिली असतील.

ओढ्याच्या वाळूत पंजा उमटलेला होता. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. आम्ही सहाही जणी जागच्या जागी थांबलो आणि न सांगता पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो. वर कुठे तरी वानर खाकरल्यासारखं ओरडलं, परत ओरडलं. माझ्या पाठीला जाऊबाईची पाठ लागली होती आणि ती थरथरत होती. मला वाटायचं, तिला भीती वाटत नाही. दर वर्षी इथे येते, एवढ्या पहाटे, मग हिला कसली भीती! ती दर वर्षी अशीच थरथरत येत होती. मिरचीचा पैसा हाती असता तर यंदा, वाघ असताना, कदाचित आलीही नसती.

वानर गप्प झालं. थोड्या वेळाने आम्ही चाललो, बोलत, मुद्दाम मोठ्याने. आवाज ऐकून वाघ बाजूला होतो म्हणतात. कोणाला काही सुचेना म्हणून मी पाढे म्हणायला लागले. सातवीच्या वर्गात म्हणवून घ्यायचे तसे, एकोणीसचा, एकोणतीसचा. बायका मागून म्हणत होत्या. एकोणतीसच्या पाढ्यात मी चुकले आणि माझ्या चुकीसकट त्यांनी तो पुढे म्हटला.

गावाच्या कडेला आल्यावर जाऊबाई म्हणाली, "ऊन असंच राह्यलं त नऊ दिवस. आभाळ आलं त पाच. गारा पडल्या त त्याच दिवशी खलास. उतारावरचं पहिले तोडा, ते लवकर जाड होते."

मी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. तोवर मी एक आकडा म्हणजेच अंदाज समजत होते. हिने तीन सांगितले, प्रत्येकाला "त" लावून, आणि तीनही खरे होते.

सभेत मी नवा कागद आणला. रेघ नाही, तीन खाने. मुन्शी आला तर. नाही आला तर. पाऊस आला तर. प्रत्येक खान्यात काय करायचं ते गावानेच सांगायचं, मी फक्त लिहायचं.

"चवथा नाई काढला का?" बाबांनी विचारलं.

"कसला, बाबा?"

"वाघाचा."

मी चौथा खाना काढला. त्यात लिहिलं गेलं: एकटं कोणी जायचं नाही, सूर्य वर आल्याशिवाय जायचं नाही, म्हणजे पान कमी तोडून होईल आणि ते चालेल. याच्यावर सर्वांत जास्त वाद झाला. कमी तोडायचं कबूल करणं सोपं नव्हतं. शेवटी जाऊबाईच म्हणाली, "पत्ता पुढच्या साली बी फुटंन. बाई नाई फुटत."

मुन्शी आला. गाव म्हणालं, भाव तुझा, पण तोडाई उद्यापासून सुरू, आणि फळीवर आलेला प्रत्येक पुडा उचलायचा, हा लहान आहे आणि तो डागी आहे असं करायचं नाही. त्याला वाटलं होतं आम्ही भावावरच भांडू. तो म्हणाला, सेठला विचारून सांगतो, दोन दिवस द्या. जाऊबाईने हिशेब केला, नऊतले चार गेले होते, आणखी दोन जाणार. पण आमच्या कागदावर "नाही आला तर" हा खाना होता. त्यात लिहिल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी गाव त्याची वाट न बघता जंगलात गेलं. विकणार कोणाला ते ठाऊक नसताना पुडे बांधले. मीही बांधले. माझ्या पुड्यांकडे बघून जाऊबाई म्हणाली, "हे का बांधलं? भाकर हाये का पत्ता?" महिन्याभरात ती मला पहिल्यांदा टोचून बोलली होती, आणि मला रडू आलं.

मुन्शी तिसऱ्या दिवशी हो म्हणत आला. त्याला फळीवर मांडलेल्या रांगा दिसल्या आणि त्याचा चेहरा जरासा पडला. एवढ्या दिवसांतलं माझं तेवढंच सुख.

तोडाईच्या चौथ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. मोबाइलवर पाऊस दोन दिवसांनी दाखवत होते. गावातलं कोणी मोबाइलकडे बघतही नव्हतं. "पाऊस आला तर" या खान्यात कोणाचे पुडे कोणत्या वरांड्यात जायचे, हे घरनिहाय लिहिलेलं होतं. सगळे धावत सुटले. बैलबंडी, टोपली, साडीचा ओचा, मिळेल त्यात पुडे भरून शाळेत, सभागृहात, माझ्या घरात, पलंगाखाली, चुलीपाशी. बाबा म्हातारे, तेही डोक्यावर टोपली घेऊन. पहिली गार पडली तेव्हा फळीवर थोड्याच रांगा उरल्या होत्या. मग गारा अशा कोसळल्या की समोरचं घर दिसेना. आम्ही वरांड्यात उभ्या होतो आणि जंगलाच्या बाजूने येणारा तो आवाज ऐकत होतो. झाडावर उरलेलं सगळं पान त्या आवाजात फाटत होतं. एका बाईने पदर तोंडात धरला होता.

वाळलेले पुडे वाचले. झाडावरचं गेलं. तोडाई तिथेच संपली. जो पत्ता आत आला तो मुन्शीला ठरल्याप्रमाणे उचलावा लागला. म्हणजे गाव अगदी बुडालं नाही. एवढं सांगून लोक आजही मला धीर देतात, "बाई, त्या साली तुमच्या खान्यांनी वाचवलं." त्या साली आधी बुडवलं कोणी, हे ते मोठ्या मनाने विसरतात. मी विसरत नाही.

कारण जे आलं ते पावसाळा निभवायला पुरणारं नव्हतं. आणि मिरची तर झालीच नव्हती. मृग लागला तशी तेलंगणातून रोवण्याची, म्हणजे धान लावायच्या मजुरीची, हाक आली. आमच्या गावातल्या बायका रोवण्याला एवढ्या लांब कधी जात नसत. आपल्याच बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, लावायच्या असतात, पाण्यात दिवसभर वाकायचं, साप, जळवा, आणि नदी चढली की रस्ता बंद. त्या वर्षी अकरा जणी निघाल्या. जाऊबाई सर्वांत म्हातारी.

जीप सकाळी आली. ती पिशवी घेऊन उभी होती. आत दोन लुगडी, एक ताट, एक पेला. मी आदल्या रात्रीच माझी पिशवी भरली होती. यांनी एकदा विचारलं, "तुले येते का रोवणा?" मी म्हटलं, नाही. मग त्यांनी छत्री आणून दिली.

मी जीपपाशी गेले तेव्हा बायकांना वाटलं, पोचवायला आली. मी पिशवी आत टाकली.

"तू कुठी?" जाऊबाई म्हणाली.

"तुमच्यासंगं."

"वेडी झाली का व? पेन्शनवाली बाई चिखलात उतरून का करशीन? कंबर मोडन तुही."

"मोडू दे."

"आमाले तुले सांभाळा लागंन तिथी."

"सांभाळा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाजूला सरकली आणि बाकावर हात आपटून जागा दाखवली. ड्रायव्हरने एक माणूस वाढला म्हणून कुरकुर केली. जीप निघाली. नदीचं पाणी पुलाच्या दगडांना लागलेलं होतं, लालभडक, वर फेस. पलीकडे गेल्यावर जाऊबाईने हळूच विचारलं, फक्त मला ऐकू जाईल असं, "मास्तरीन, किती दिवसानं येऊन वापस? काय वाटते तुले?"

माझं तोंड उघडलं. सवयीने. मी मागे वळून पाण्याकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.